नियम चौथीपर्यंत, झोपेचा प्रश्न आठवीनंतर

शाळा सकाळी किती वाजता भरावी, हा विषय महाराष्ट्रात डिसेंबर २०२३ मध्ये चर्चेत आला. मुलांची झोप पुरी व्हावी यासाठी शाळांच्या वेळा बदलण्याचा विचार करावा, असे तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी एका जाहीर कार्यक्रमात सुचवले. त्यानंतर ८ फेब्रुवारी २०२४ रोजी शालेय शिक्षण विभागाने शासन निर्णय काढला. पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून सकाळी नऊ वाजता किंवा त्यानंतर भरवावेत, असे त्यात म्हटले आहे. निर्णय स्वागतार्हच आहे. मात्र ज्या वयात शरीर स्वतःहून उशिरा झोपू आणि उशिरा उठू लागते, ते वय या निर्णयाच्या बाहेर राहिले. ते साधारण सहावी-सातवीत सुरू होते आणि दहावी-बारावीत त्याचा जोर सर्वाधिक असतो.

यात आणखी एक गुंता आहे. एकाच इमारतीत दोन सत्रे भरवणाऱ्या शाळेने लहानांना नऊनंतर बोलवायचे ठरवले, तर सकाळी सातचे सत्र मोठ्यांच्याच वाट्याला येते. म्हणजे सातव्या वर्षी पहाटे सहज उठू शकणारा मुलगा उशिरा शाळेत जातो आणि सोळाव्या वर्षी पहाटे उठणे ज्याच्या शरीराला जड जाते, तो अंधारात बसची वाट पाहत उभा असतो.

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यातून पालक ज्या तक्रारी घेऊन सरकारी रुग्णालयात येतात, त्यांत ही तक्रार आता नेहमीची झाली आहे. मुलगा रात्री दीड-दोनपर्यंत जागा असतो, सकाळी तीन वेळा हाक मारूनही उठत नाही, वर्गात डुलक्या काढतो आणि रविवारी अकरापर्यंत झोपतो. काही पालक झोपेची गोळी मागतात. काहींनी समाजमाध्यमांवरची जाहिरात पाहून प्रकाश देणारा दिवा किंवा डोळ्यांवर घालायचा प्रकाशाचा चष्मा मागवलेला असतो आणि तो कसा वापरायचा हे विचारायला ते येतात. प्रकाशाचा उपचार खरा आहे, त्यामागे चाळीसहून अधिक वर्षांचे संशोधन आहे. पण तो चुकीच्या वेळी घेतला तर उलटाही पडू शकतो.

आळस की मागे पडलेले घड्याळ?

आपल्या मेंदूत दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या लगेच वर पेशींचा एक छोटा पुंजका असतो. शरीराचे मुख्य घड्याळ ते हेच. झोप, शरीराचे तापमान, संप्रेरके यांचे रोजचे वेळापत्रक ते ठरवते. पेशींमधले हे घड्याळ कसे चालते, हे उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. माणसाचे हे घड्याळ सरासरी चोवीस तासांपेक्षा काही मिनिटे जास्त घेते. त्यामुळे ते रोज थोडे मागे पडू पाहते आणि सकाळचा उजेड त्याला पुन्हा जागेवर आणतो.

वयात येताना या घड्याळात बदल होतो. अंधार पडल्यावर स्रवणारे मेलाटोनिन हे संप्रेरक या वयात उशिरा स्रवू लागते. दिवसभर साठत जाणारी झोपेची ओढही लहानपणापेक्षा सावकाश वाढते, म्हणून अकरा वाजले तरी डोळ्यांवर झापड येत नाही. अमेरिकेतील ब्राऊन विद्यापीठाच्या मेरी कार्स्काडन यांनी गेल्या शतकाच्या अखेरीस केलेल्या कामातून हे स्पष्ट झाले. मोबाइल हातात येण्याच्या आधीची ही गोष्ट आहे. मोबाइलने या प्रश्नात भर घातली, पण त्याचे मूळ शरीरातच आहे.

बहुतेक मुलांमध्ये हे सरकणे तास-दीड तासाचे असते. काही थोड्यांमध्ये ते इतके वाढते की रात्री दोन-तीनच्या आधी झोपच लागत नाही आणि शाळा, कॉलेज, नोकरी सगळे कोलमडते. न्यूयॉर्कमध्ये एलियट वाइट्झमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये या विकाराचे पहिल्यांदा नीट वर्णन केले. त्याला 'डिलेड स्लीप फेज' म्हणतात, म्हणजे झोपेची वेळच उशिरा सरकणे. याची खूण सोपी आहे. सुटीत मनासारखे झोपू दिले तर हा मुलगा रात्री दोन ते सकाळी दहा अशी शांत, सलग झोप घेतो आणि ताजातवाना उठतो. त्याची झोप चांगली असते, फक्त तिची वेळ जगाशी जुळत नाही. म्हणून झोपेच्या गोळीने त्याचा मूळ प्रश्न सुटत नाही.

प्रकाश हे औषध, वेळ ही त्याची मात्रा

तीव्र प्रकाशाने माणसाच्या शरीरातले मेलाटोनिन रोखले जाते, हे अमेरिकी संशोधकांनी १९८० मध्ये दाखवले. पुढे डोळ्यांच्या पडद्यावर दिसण्यासाठी नव्हे तर घड्याळाला उजेडाची खबर देण्यासाठी असलेल्या वेगळ्या पेशी सापडल्या. निळसर प्रकाशाला त्या सर्वांत जास्त प्रतिसाद देतात. १९९० मध्ये नॉर्मन रोझेन्थल यांच्या गटाने झोप उशिरा सरकलेल्या २० रुग्णांना रोज सकाळी दोन तास २,५०० लक्सचा प्रकाश दिला आणि संध्याकाळचा उजेड कमी करायला लावला. त्यांचे घड्याळ अलीकडे आले. आज वापरात असलेल्या प्रकाशपेट्या साधारण १०,००० लक्सच्या असतात आणि ठरावीक अंतरावर ठेवून त्यांच्यासमोर अर्धा तास बसायचे असते.

खरी मेख वेळेची आहे. रात्री शरीराचे तापमान हळूहळू उतरते आणि आपोआप जाग येण्याच्या साधारण दोन ते तीन तास आधी ते सर्वांत खाली जाते. या क्षणानंतर डोळ्यांवर प्रकाश पडला तर घड्याळ अलीकडे येते. या क्षणाच्या आधी पडला, तर घड्याळ आणखी मागे जाते.

हे उदाहरणाने पाहू. सुटीत आपोआप सकाळी दहाला उठणाऱ्या मुलीचा हा क्षण सातच्या आसपास असतो. तिची आई तिला पहाटे पाचला उठवून लख्ख दिव्याखाली अभ्यासाला बसवते. पहाटेचा अभ्यास लक्षात राहतो, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. पण या मुलीच्या शरीरासाठी पहाटेचे पाच म्हणजे मध्यरात्र आहे. त्या वेळचा तीव्र उजेड तिला 'अजून संध्याकाळ आहे' असाच संदेश देतो. मागवलेला दिवा पाच वाजता तिच्या टेबलावर लावला, तर तिची झोप आणखी उशिरा जाण्याची शक्यता आहे. तोच उजेड दहा वाजता, जाग आल्या आल्या मिळाला, तर उपचार ठरतो. मग ही वेळ थोडी थोडी अलीकडे आणायची असते.

किशोरवयीन मुलांवरच्या अभ्यासांतूनही हेच दिसते. ऑस्ट्रेलियातील ॲडलेडमध्ये ४९ किशोरवयीन मुलांवर केलेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. जाग आल्यावर प्रकाश, उठण्याची वेळ हळूहळू अलीकडे आणणे आणि समुपदेशन असा एकत्रित उपचार त्यात दिला होता. मुलांना लवकर झोप लागू लागली आणि हा फायदा सहा महिन्यांनंतरही टिकला. नॉर्वेतील २०१४ चा अभ्यास मात्र सावध करणारा आहे. तिथे १६ ते २५ वयोगटातील ४० जणांना दोन आठवडे उठण्याची वेळ हळूहळू अलीकडे आणायला सांगितले. काहींना खरा प्रकाश वा मेलाटोनिन दिले, काहींना मंद लाल दिवा आणि खोटी गोळी. सगळ्यांचीच झोप जवळपास सारखी सुधारली. म्हणजे सुरुवातीचे बरेचसे काम उठण्याच्या शिस्तीनेच केले होते. पण नंतर ज्यांनी प्रकाश आणि मेलाटोनिन चालू ठेवले, त्यांचीच सुधारणा टिकली. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१९ मध्ये मुले झोपेत असतानाच पहाटे बंद पापण्यांवर क्षणभराचे प्रकाशझोत सोडून पाहिले. नुसत्या झोतांनी विशेष फरक पडला नाही. सोबत वेळेवर झोपायला जाण्याचे समुपदेशन दिले, तेव्हा झोप रोज सरासरी ४३ मिनिटांनी वाढली.

अर्थ असा, की दिवा मदत करतो, पण एकटा पुरत नाही. दिनक्रम बदलला तरच त्याचा उपयोग होतो. आणि दिनक्रम बदलणे फक्त मुलाच्या हातात नसते.

आपल्या पट्ट्यातला उजेड

चिखली, मोशी, मेदनकरवाडी, नाणेकरवाडी, खराबवाडी या भागांत हजारो कामगार कुटुंबे एक-दोन खोल्यांत भाड्याने राहतात. सेकंड शिफ्ट करून वडील रात्री बाराच्या सुमारास घरी येतात. मग दिवा लागतो, जेवण गरम होते, थोडा वेळ टीव्ही चालतो. त्याच खोलीत दहावीतला मुलगा झोपलेला, किंवा झोपायचा प्रयत्न करत असतो. पुढच्या आठवड्यात वडिलांची फर्स्ट शिफ्ट असते आणि घर पहाटे साडेचारला जागे होते. घरातल्या नेहमीच्या ट्यूबलाइटच्या उजेडानेही संध्याकाळनंतर मेलाटोनिन उशिरा स्रवू लागते. कारखान्याचे वेळापत्रक असे घरातल्या मुलापर्यंत पोहोचते, आणि दोष मात्र मुलाच्या आळसाला दिला जातो.

दुसरी बाब सूर्याची. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे, तर आपण ७४ अंशांच्याही किंचित पश्चिमेला आहोत. त्यामुळे आपला सूर्य घड्याळापेक्षा सरासरी ३५ मिनिटे मागे असतो. सकाळी सातची शाळा सूर्याच्या हिशेबाने जवळपास साडेसहाचीच आहे. जानेवारीच्या मध्याला पुणे परिसरात सूर्योदय सात वाजून गेल्यावर होतो. सहाला घर सोडणारे मूल अंधारात बसमध्ये चढते आणि उजाडते तेव्हा वर्गात बसलेले असते. वर्गात दोन-तीनशे लक्स उजेड असतो, तर बाहेर उघड्यावर त्याच्या कितीतरी पट. लख्ख उन्हात तो लाखाच्या घरात जातो आणि पावसाळी ढगाळ दिवशीही सहसा हजारांत असतो.

हा परिणाम कल्पनेतला नाही. अर्थशास्त्रज्ञ मौलिक जगनानी यांनी भारतभरच्या आकडेवारीचा अभ्यास केला. सूर्य जिथे तासभर उशिरा मावळतो, तिथली मुले सुमारे अर्धा तास कमी झोपतात, असे त्यांना आढळले. मुले सूर्याच्या मागे जाऊन उशिरा झोपतात, शाळा मात्र घड्याळाप्रमाणे भरते.

तिसरी बाब क्लासची. तेरा ते अठरा वयोगटाला रोज आठ ते दहा तास झोप लागते. सातच्या शाळेसाठी साडेपाचला उठायचे, तर साडेनऊला झोप लागायला हवी. पण क्लास साडेआठ-नऊला सुटतो, घरी यायला अर्धा तास, मग जेवण आणि गृहपाठ. हे गणित जुळत नाही. ज्या परीक्षांसाठी हे सारे चालते, त्यांच्या वेळाही पाहा. बारावी बोर्डाचा सकाळचा पेपर अकराला, जेईई मेनची सकाळची पाळी नऊला, नीट दुपारी दोनला. सातला डोके तल्लख असण्याची गरज यांपैकी एकाही परीक्षेत नाही.

घरी काय करता येईल

आधी दोन आठवडे वहीत नोंद ठेवा. दिवा किती वाजता बंद केला, झोप साधारण केव्हा लागली, सुटीच्या दिवशी आपोआप जाग केव्हा आली. ही वही डॉक्टरांना कोणत्याही यंत्राइतकीच उपयोगी पडते.

वेळ अलीकडे आणायला दिवाळीची किंवा मे महिन्याची सुटी सर्वांत सोयीची. सुरुवात मुलाच्या आपोआप उठण्याच्या वेळेपासून करा. तो दहाला उठत असेल, तर पहिल्या दिवशी दहालाच गच्चीत, गॅलरीत किंवा अंगणात अर्धा तास. तिथेच चहा-नाश्ता, चालणे किंवा वाचन करावे. सूर्याकडे थेट पाहायचे नाही, उघड्या आकाशाचा उजेड पुरतो. दर एक-दोन दिवसांनी ही वेळ अर्ध्या तासाने अलीकडे आणा. दहापासून साडेसहापर्यंत यायला साधारण दोन आठवडे लागतात. एका रात्रीत साडेतीन तास ओढायला गेलात, तर तिसऱ्या दिवशी सगळे मोडते. दहावीची परीक्षा संपल्यापासून अकरावी सुरू होईपर्यंतचे महिने सर्वांत धोक्याचे असतात, कारण झोप याच काळात सर्वाधिक सरकते. त्या सुटीत उठण्याची वेळ ठरलेली असावी.

संध्याकाळी उलटे करायचे. झोपायच्या दोन तास आधी मोठे दिवे बंद आणि एखादा मंद, पिवळसर दिवा चालू. सेकंड शिफ्टवरून येणाऱ्याचे ताट स्वयंपाकाच्या ओट्यापाशी छोट्या दिव्यात वाढता येते. मुलाच्या बाजूला जाड पडदा किंवा जुनी चादर बांधता येते. मोबाइल चार्जिंगला दुसऱ्या खोलीत, आणि हा नियम मोठ्यांनाही लागू. रविवारी नेहमीपेक्षा तासाभराहून जास्त झोपू देऊ नका. बारापर्यंतची एक झोप आठवड्याची मेहनत वाया घालवते.

ज्यांना सकाळी बाहेरचा उजेड मिळणे शक्यच नाही, त्यांच्यासाठी प्रकाशपेटीचा विचार करावा. तिला काही हजार रुपये लागतात. त्याआधी डॉक्टरांना भेटणे आवश्यक आहे. डोळ्यांच्या पडद्याचा आजार असेल, किंवा स्वतःला वा घरात कोणाला बायपोलर आजार असेल, तर असा प्रकाश डॉक्टरांच्या देखरेखीविना घेऊ नये. मुरुमांसाठी या वयात दिली जाणारी डॉक्सिसायक्लिनसारखी औषधे त्वचेला प्रकाशाबाबत हळवे करतात, तेही सांगावे. मेलाटोनिनच्या बाबतीतही मात्रेपेक्षा वेळ महत्त्वाची असते, म्हणून ते दुकानातून स्वतःच्या मनाने आणू नये. अल्प्राझोलामसारखी गोळी तर मुलाला मुळीच देऊ नये.

आणि प्रत्येक जागरण घड्याळाचे नसते. मूल सुटीत भरपूर झोपूनही थकलेले असेल, मोठ्याने घोरत असेल, पाय सतत हलवत असेल, किंवा खेळ-मित्र सोडून गप्प झाले असेल, तर रक्तक्षय, थायरॉईड, श्वसनातला अडथळा आणि नैराश्य यांची तपासणी व्हायला हवी. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी 'मैत्री' क्लिनिक असते. मनाच्या तक्रारींसाठी १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक विनामूल्य आहे.

शाळा, क्लास आणि कंपन्यांकडून अपेक्षा

घरांनी एवढे केले तरी सातची घंटा तशीच राहिली, तर यश अर्धवटच राहील. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच मोठ्या मुलांची शाळा साडेआठच्या आधी भरवू नये, अशी शिफारस केली. कॅलिफोर्नियात जुलै २०२२ पासून हायस्कूलसाठी तसा कायदा लागू आहे. 'उशिरा शाळा म्हणजे आणखी उशिरापर्यंत जागरण' असा आक्षेप नेहमी घेतला जातो. सिॲटल शहराने २०१६ मध्ये हायस्कूलची वेळ ७.५० वरून ८.४५ केली, तेव्हा मुलांच्या मनगटावरच्या उपकरणांनी झोप मोजली गेली. ती रोज ३४ मिनिटांनी वाढलेली आढळली.

आपल्याकडच्या अडचणी खऱ्या आहेत. शाळांना इमारती कमी पडतात, एकच बस दोन फेऱ्या करते, उन्हाळ्यात दुपार सोसवत नाही. चाकणच्या तळेगाव चौकात किंवा आंबेठाण चौकात जनरल शिफ्टच्या गर्दीत शाळेच्या बस सोडायच्या कशा, हाही प्रश्न आहेच. म्हणून सगळे एकदम मागण्याऐवजी क्रम लावता येईल. दोन सत्रांच्या शाळांनी आठवीपासून पुढचे वर्ग सकाळच्या पहिल्या सत्रात घालण्याआधी या वयाचा विचार करावा. जून ते फेब्रुवारी वेळ उशिराची आणि कडक उन्हाळ्यापुरती सकाळची, असे वेळापत्रक करता येईल. परिपाठ आणि शारीरिक शिक्षणाचा तास उजाडल्यावर मैदानावर घ्यावा. त्याला एक रुपयाही लागत नाही. क्लासचालकांनी शेवटची बॅच आठला सोडावी. कंपन्यांचे वैद्यकीय अधिकारी कामगारांना शिफ्टमधल्या झोपेबद्दल सांगतात, तेव्हा घरातल्या मुलाच्या झोपेबद्दलही दोन वाक्ये सांगू शकतात.

आजचे बारावी किंवा आयटीआयचे विद्यार्थी दोन-तीन वर्षांत याच पट्ट्यात शिकाऊ कामगार म्हणून मशीनपुढे उभे राहणार आहेत, पहाटे दुचाकीने नाशिक महामार्गावर निघणार आहेत. झोपेची थकबाकी घेऊन ते तिथे पोहोचू नयेत, एवढी काळजी आत्ताच घेता येते. नऊचा नियम चौथीवर थांबवण्याचे वैद्यकीय कारण नाही. शासन निर्णयाचा पुढचा टप्पा आठवीपासून सुरू व्हावा, ही मागणी पालक-शिक्षक संघांनी आपल्या शाळेच्या पुढच्या बैठकीत लेखी मांडावी.